ॲपियन मार्ग : बांधलेला आणि राखलेला रस्ता

व्हिया ॲपिया, म्हणजेच ॲपियन मार्ग, हा प्राचीन रोमच्या मोठ्या रस्त्यांपैकी सर्वांत जुना. इ.स.पू. ३१२ मध्ये त्याचे काम सुरू झाले. आधी रोम ते कापुआ आणि मग टप्प्याटप्प्याने थेट आग्नेयेकडच्या ब्रिंडिसी बंदरापर्यंत तो वाढत गेला. त्याची एकूण लांबी ५०० किलोमीटरांहून अधिक भरली. आज त्याचा बराचसा भाग महामार्गाखाली, शेतांखाली आणि वस्त्यांखाली गेला आहे. तरीही दोन ठिकाणी जुन्या रस्त्याचा मोठा पट्टा मोकळ्या रानात पाहता येतो. एक रोमच्या वेशीपासून फ्रात्तोक्ये गावापर्यंत, आणि दुसरा फोंदी व इत्री या गावांमधल्या डोंगरखिंडीत. रोमनांचे रस्ते एकदा बांधले की कायमचे टिकत, असा समज रूढ आहे. या रस्त्याची हकिगत तशी नाही. तो अनेकदा खचला, पाण्याखाली गेला, त्याचे दगड चोरीला गेले. तो उरला तो ज्यांनी त्याची डागडुजी केली आणि ज्यांनी त्याच्यावरची अतिक्रमणे अडवली त्यांच्यामुळे.

युद्धाची निकड

इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात रोम ही अजून मध्य इटलीतली एक प्रादेशिक सत्ता होती. दक्षिणेकडच्या सुपीक कंपानिया प्रांतावर आणि तिथल्या श्रीमंत कापुआ शहरावर रोमचा डोळा होता. आपेनाइन पर्वतात राहणाऱ्या सॅमनाइट टोळ्यांनाही तोच मुलूख हवा होता. इ.स.पू. ३२६ मध्ये सुरू झालेले दुसरे सॅमनाइट युद्ध ३०४ पर्यंत चालले. ३२१ मध्ये कॉडीन खिंडीत रोमची अख्खी फौज कोंडीत सापडली आणि तिला शरणागती पत्करावी लागली. ३१५ मध्ये तेराचिनाजवळ लाउतुलाए येथे पुन्हा पराभव झाला आणि कापुआची निष्ठा डळमळू लागली. रोमहून कंपानियात जाणारी जुनी वाट आतल्या दऱ्यांतून जात असे. ती शत्रूच्या टापूला लागून होती. फौज आणि रसद लवकर पोचवायची, तर किनाऱ्याजवळून जाणारा दुसरा मार्ग हवा होता.

हे काम अंगावर घेतले ॲपियस क्लॉडियस याने. तो त्या वर्षी सेन्सॉर होता. नागरिकांची मोजदाद, सिनेटची यादी आणि सार्वजनिक बांधकामांची कंत्राटे ही सेन्सॉरची कामे. अधिकारपदाची मुदत दीड वर्षाची. मुदत संपली, जोडीदाराने पद सोडले, पण ॲपियस खुर्चीला चिकटून राहिला. त्याच काळात त्याने रोमची पहिली जलवाहिनीही बांधायला घेतली. सुमारे १६ किलोमीटर लांबीची ही जलवाहिनी जवळजवळ पूर्ण भूमिगत होती. या दोन कामांवर त्याने सिनेटच्या संमतीशिवाय खजिन्याचा मोठा हिस्सा खर्च केला, असे इतिहासकार डायोडोरसने नोंदवले आहे. रस्त्याला त्याने स्वतःचे नाव दिले. तोवर रोमचे रस्ते मालावरून किंवा मुक्कामाच्या गावावरून ओळखले जात. मिठाच्या वाहतुकीचा व्हिया सालारिया हे त्याचे उदाहरण. बांधणाऱ्याचे नाव रस्त्याला देण्याची प्रथा ॲपियसपासून पडली. म्हातारपणी तो आंधळा झाला. त्या अवस्थेतही सिनेटमध्ये येऊन त्याने ग्रीक राजा पिऱ्हस याच्याशी तह करण्याचा प्रस्ताव हाणून पाडला.

आखणी आणि बांधणी

रोम ते कापुआ हे अंतर १३२ रोमन मैल, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटर होते. एक रोमन मैल सुमारे १.४८ किलोमीटरचा. त्यातला तेराचिनापर्यंतचा सुमारे ९० किलोमीटरांचा टप्पा जवळजवळ सरळ रेषेत आखला आहे. वाटेतली गावे गाठण्यासाठी रस्ता वाकवलेला नाही, गावांकडे फाटे काढले आहेत. रोमजवळचे पहिले काही मैल ज्वालामुखीने तयार केलेल्या नैसर्गिक बांधावरून जातात. आल्बन टेकड्यांमधून सुमारे २,६०,००० वर्षांपूर्वी वाहत आलेला लाव्हा इथे जिभेसारखा पसरून थिजला. रस्त्याला उंच, कोरडा पाया मिळाला आणि फरसबंदीसाठी काळा कठीण दगडही याच ठिकाणच्या खाणींतून निघाला.

खरी कसोटी त्याच्या पुढे होती. आल्बन टेकड्या आणि तेराचिना यांच्या मध्ये पोंतिन दलदल पसरली होती. पाणी साचणाऱ्या, हिवतापाने ग्रासलेल्या या सखल भागातून भराव टाकून रस्ता नेला गेला. त्याला समांतर १९ रोमन मैलांचा कालवाही होता. ओल्या दिवसांत प्रवासी रस्ता सोडून होडीत बसत. ती होडी काठावरून खेचर ओढत नेई. तेराचिनानंतर रस्ता टेकडी चढून फोंदीच्या मैदानात उतरे, तिथून इत्रीची खिंड ओलांडून पुन्हा समुद्राशी येई आणि शेवटी आत वळून कापुआला पोचे.

ॲपियसच्या वेळचा रस्ता फरसबंदीचा नव्हता. त्यावर खडी दाबलेली होती. इ.स.पू. २९६ मध्ये रोमच्या कापेना वेशीपासून मार्सच्या मंदिरापर्यंतच्या पादचारी वाटेला घडीव दगड बसवले गेले. तीन वर्षांनी फरसबंदी बोविल्ले गावापर्यंत पोचली. बाकीचे टप्पे पुढच्या काही शतकांत भरत गेले.

रोमन रस्त्याचे चार नेमके थर असत, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. त्याचा उगम १६२२ साली प्रसिद्ध झालेल्या निकोला बेर्जिए या फ्रेंच लेखकाच्या ग्रंथात आहे. प्राचीन वास्तुविशारद विट्रुव्हियसने घराच्या जमिनीसाठी सांगितलेले थर बेर्जिएने रस्त्यांना लावले. प्रत्यक्ष उत्खननात थरांची संख्या आणि जाडी जागेनुसार बदलताना दिसते. कामाची साधारण पद्धत मात्र ठाऊक आहे, कारण इ.स. ९५ मध्ये बांधलेल्या एका शाखामार्गाचे वर्णन कवी स्टेशियसने केले आहे. आधी दोन बाजूंना चर खणून रुंदी ठरवत. मधली माती काढून भक्कम भराव घालत. मग दोन्ही कडांना उभे दगड रोवून फरशा त्यांच्यामध्ये गच्च बसवत. ॲपियन मार्गावरच्या फरशा बहुकोनी आहेत. वरचा चेहरा सपाट आणि खालचा भाग निमुळता, त्यामुळे त्या भरावात पाचरीसारख्या रुततात. सांध्यांत चुना नाही. मधला भाग किंचित फुगीर ठेवल्याने पाणी कडेला वाहून जाई. फरसबंदीची रुंदी सुमारे ४.१ मीटर, म्हणजे समोरासमोर आलेल्या दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील इतकी. दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी मातीच्या वाटा होत्या.

ब्रिंडिसीपर्यंत

रोमची सत्ता दक्षिणेकडे सरकली तसा रस्ताही सरकला. इ.स.पू. २९१ मध्ये वेनुसिया आणि २६८ मध्ये बेनेव्हेंतुम येथे रोमन वसाहती झाल्या. २७२ मध्ये तारेंतुम हे ग्रीक शहर शरण आले आणि २४४ मध्ये ब्रुंडिसियम, म्हणजे आजच्या ब्रिंडिसीत, वसाहत स्थापन झाली. रस्ता ही ठाणी जोडत अड्रियाटिक समुद्राला भिडला. समुद्रापलीकडे व्हिया एग्नाशिया हा रस्ता बाल्कन प्रदेशातून पूर्वेकडे निघे. त्यामुळे ग्रीस आणि आशियाकडे जाणाऱ्या फौजा, अधिकारी आणि व्यापारी यांची ही मुख्य वाट ठरली. सम्राट ट्रेजनने इ.स. १०९ मध्ये बेनेव्हेंतुमपासून ब्रुंडिसियमपर्यंत किनाऱ्याजवळून अधिक सोयीचा दुसरा मार्ग काढला. बेनेव्हेंतोतली त्याची कमान, इ.स. ११४ ची, अजून उभी आहे.

रोमच्या राजकारणातल्या काही मोठ्या घटना याच फरशांवर घडल्या. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे गुलामांचे बंड मोडल्यावर रोमन सेनापती क्रॅससने पकडलेल्या ६,००० जणांना कापुआपासून रोमपर्यंत रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवले. इ.स.पू. ५२ च्या जानेवारीत बोविल्लेजवळ क्लोडियस आणि मिलो या दोन वैरी पुढाऱ्यांचे ताफे समोरासमोर आले. चकमकीत क्लोडियस मारला गेला. तो ॲपियसचाच वंशज होता. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी समर्थकांनी रोमचे सिनेटगृह जाळले. इ.स.पू. ३७ मध्ये कवी होरेस या मार्गाने ब्रुंडिसियमला गेला. वाईट पाणी, डास, बेडकांचा ओरडा आणि झोपाळू नावाडी यांची त्याने केलेली तक्रार म्हणजे दलदलीतल्या रात्रीच्या प्रवासाची सर्वांत जिवंत नोंद आहे. इ.स. ६० च्या सुमारास कैदी म्हणून रोमला नेल्या जाणाऱ्या संत पॉलला भेटायला तिथले ख्रिस्ती बांधव या रस्त्यावरच्या मुक्कामांपर्यंत चालत आले होते.

रस्त्याला पूर्वेकडच्या व्यापाराचाही आधार होता. लाल समुद्रातून अलेक्झांड्रियाला आलेला भारतीय माल जहाजाने नेपल्सजवळच्या पुतेओली बंदरात उतरे. इ.स. ९५ मध्ये सम्राट डोमिशियनने पुतेओली ॲपियन मार्गाला नव्या फाट्याने जोडले. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तेर येथून गाड्यांनी भडोच बंदरात जाणाऱ्या अकीक व कापडाचा उल्लेख आहे. दख्खनच्या घाटवाटांनी सुरू होणाऱ्या या व्यापाराचा जमिनीवरचा शेवटचा टप्पा इटलीतला हा रस्ता होता.

दुरुस्तीचा हिशेब

रस्ता किती लवकर झिजतो हे रोमनांना चांगले ठाऊक होते. दुरुस्तीचे शिलालेखच त्याची साक्ष देतात. बेनेव्हेंतुमच्या पुढचा पावणेसोळा मैलांचा तुकडा इ.स. १२३ च्या सुमारास जुना होऊन नाहीसा झाला होता. सम्राट हेड्रियनने तो नव्याने बांधला. खर्चापैकी ११,४७,००० सेस्टर्स सम्राटाने दिले आणि ५,६९,१०० सेस्टर्स आसपासच्या जमीनमालकांकडून उभे राहिले. मैलामागे हा खर्च सुमारे १,०९,००० सेस्टर्स होतो. त्या काळी साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार १,२०० सेस्टर्स होता. म्हणजे एका मैलाला सुमारे ९० सैनिकांचा वर्षाचा पगार लागला.

दलदलीतल्या भरावाची दुरुस्ती नर्व्हा आणि ट्रेजन या सम्राटांच्या काळात झाली. तेराचिनाची चढण टाळण्यासाठी समुद्राकडे तुटलेला पिस्को मोंतानो हा कडा कापून रस्ता त्याच्या पायथ्याने नेण्यात आला. किती खोल कापले याचे आकडे कामगारांनी वरून खाली कड्यावर कोरत नेले. शेवटचा आकडा १२० रोमन फुटांचा आहे, म्हणजे सुमारे ३६ मीटर. इ.स. २१६ मध्ये सम्राट कॅराकॅलाने तेराचिनापलीकडच्या २१ मैलांवरचा निकामी झालेला पांढरा चुनखडी दगड काढून काळ्या लाव्हाच्या फरशा बसवल्या. पश्चिमेकडचे साम्राज्य कोसळल्यावरही हे काम थांबले नाही. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीवर राज्य करणाऱ्या गॉथ राजा थिओडोरिकच्या परवानगीने डेसियस नावाच्या सरदाराने दलदलीतले पाणी काढून रस्ता पुन्हा मोकळा केला. थोड्याच वर्षांनी बायझंटाइन फौजेबरोबर आलेला इतिहासकार प्रोकोपियस या फरशा पाहून थक्क झाला. इतकी शतके गाड्या गेल्या तरी सांधे सुटले नाहीत, असे त्याने लिहिले. त्याने पाहिलेला रस्ता नुकताच दुरुस्त झालेला होता, ही गोष्ट त्याच्या कौतुकाबरोबर लक्षात ठेवायला हवी.

पडझडीची शतके

पुढे देखभाल करणारी मध्यवर्ती सत्ता राहिली नाही. पोंतिन दलदल पुन्हा भरली आणि दक्षिणेकडे जाणारे प्रवासी आतल्या डोंगराळ वाटांकडे वळले. रोमजवळच्या भागात स्थानिक सरदारांनी नाकी बसवली. पोप आठव्या बोनिफेसच्या काएतानी घराण्याने १३०३ च्या सुमारास रस्त्यालगतच्या सेसिलिया मेटेला या रोमन स्त्रीच्या थडग्याभोवती गढी उभारली आणि रस्ता तटबंदीच्या आत घेऊन जकात वसूल केली. कडेच्या थडग्यांचा संगमरवर चुन्याच्या भट्ट्यांत गेला. फरशा उखडून इतर बांधकामांत वापरल्या गेल्या.

मोडकळीला आलेले काही तुकडे राज्यकर्त्यांनी सावरले. इत्रीच्या खिंडीतला रस्ता १५६८ मध्ये नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयने दुरुस्त करवला. १७७७ पासून पोप सहाव्या पायसने दलदलीचा निचरा हाती घेतला आणि तेराचिनाकडची जुनी सरळ रेषा पुन्हा वाहती केली. रोम आणि आल्बानो यांच्या दरम्यान मात्र त्याच सुमारास दुसरा नवा रस्ता तयार झाला. सर्व वाहतूक तिकडे गेली. जुन्या रस्त्यावर माती चढली, गवत वाढले आणि मेंढपाळ तेवढे उरले. रहदारी नसल्यामुळे हा पट्टा रुंदीकरणातून वाचला.

जतनाची सुरुवात

अवशेष जागच्या जागी ठेवावेत ही कल्पना या रस्त्यावर फार लवकर रुजली. १८०८ मध्ये शिल्पकार अंतोनियो कॅनोव्हाने सर्व्हिलियस क्वार्टसच्या थडग्याचे सापडलेले तुकडे संग्रहालयात न नेता तिथेच विटांच्या भिंतीत बसवले आणि तसा लेख लावला. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला पोप नवव्या पायसच्या सरकारने वास्तुविशारद लुइजी कानिना याच्याकडे मोठे काम सोपवले. कानिनाने सेसिलिया मेटेलाच्या थडग्यापासून फ्रात्तोक्येपर्यंतचा रस्ता उकरून काढला, दोन्ही बाजूंना दगडी बांध घातले आणि थडग्यांचे तुकडे त्यांच्या मूळ जागांजवळ उभे केले. सात-आठ मैलांचे हे खुले संग्रहालय होते. रस्त्याची ओळख बनलेले छत्रीसारखे पाइन वृक्ष विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लावलेले आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर रोम झपाट्याने वाढले. रस्त्याच्या कडेला श्रीमंतांचे बंगले आणि उंच कुंपणे उभी राहू लागली. थडगी खाजगी बागांच्या आत गेली. शहराभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गाने सातव्या मैलाजवळ प्राचीन रस्ता तोडला. १९५३ मध्ये पत्रकार अंतोनियो चेदेर्ना याने 'इल मोंदो' या साप्ताहिकात 'ॲपियाचे गुंड' या अर्थाच्या मथळ्याखाली या बांधकामांवर हल्ला चढवला आणि पुढे आयुष्यभर हा विषय लावून धरला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमधली मॅरेथॉन संध्याकाळी याच रस्त्यावरून धावली गेली. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने ती अनवाणी जिंकली आणि रस्ता जगभर पोचला. १९६५ मध्ये सरकारने रोमच्या विकास आराखड्यात सुमारे २,५०० हेक्टर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी राखून ठेवली. १९८८ मध्ये प्रादेशिक उद्यान कायद्याने अस्तित्वात आले. २००० च्या ज्युबिली वर्षाच्या सुमारास वर्तुळाकार महामार्ग बोगद्यातून खाली नेऊन तुटलेला रस्ता वरून पुन्हा जोडण्यात आला. २०१६ मध्ये स्वतंत्र पुरातत्त्व उद्यान स्थापन झाले.

आज काय पाहायला मिळते

रोमकडून जाताना सुरुवात सान सेबास्तियानो वेशीपाशी होते. ही ऑरेलियन तटबंदीची वेस आहे. बाहेर पडताच पहिला मैलाचा दगड जिथे होता तिथे खूण आहे. मूळ दगड शहरातल्या कॅपिटोलिन टेकडीवर नेलेला आहे. पहिल्या दोन-तीन मैलांवर आजही मोटारी धावतात. या भागात सान कालिस्तो आणि सान सेबास्तियानो येथील ख्रिस्ती भुयारी दफनभूमी आहेत. बारा पाट्यांच्या जुन्या कायद्याने शहराच्या हद्दीत दफन करण्यास मनाई होती. म्हणून थडगी वेशीबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेला पडतील अशी रस्त्यालगत बांधली गेली. पुढे सम्राट मॅक्सेंशियसने चौथ्या शतकाच्या आरंभी बांधलेले रथशर्यतींचे मैदान लागते.

तिसऱ्या मैलावरचे सेसिलिया मेटेलाचे थडगे म्हणजे सुमारे २९ मीटर व्यासाचा प्रचंड दगडी बुरूज. ती स्पार्टाकसचे बंड मोडणाऱ्या क्रॅससची सून होती. बुरुजाच्या माथ्यावरचे कंगोरे काएतानींच्या गढीच्या काळातले आहेत. जवळच कापो दि बोव्हे ही सरकारने २००२ मध्ये विकत घेतलेली मिळकत आहे. तिथे रोमन स्नानगृहाचे अवशेष सापडले आणि चेदेर्नाची कागदपत्रेही तिथेच ठेवली आहेत.

इथून पुढे मोकळा माळ सुरू होतो. कुठे मूळ काळ्या फरशा, कुठे नंतरची बारीक फरसबंदी, असे तुकडे आलटून पालटून येतात. फरशांत गाड्यांच्या चाकोऱ्या खोल उमटलेल्या आहेत. पाचव्या मैलाजवळ क्विंटिली बंधूंच्या वाड्याचे अवशेष आहेत. सम्राट कोमोडसने इ.स. १८२ च्या सुमारास दोघांना ठार करवून हा वाडा बळकावला. सहाव्या मैलावर कासाल रोतोंदो हे आणखी मोठे गोल थडगे आहे. त्याच्या माथ्यावर नंतरच्या काळात शेतघर बांधले गेले. त्यापुढे गर्दी विरळ होते आणि फ्रात्तोक्येला जुना रस्ता नव्या महामार्गाला मिळतो.

इत्रीच्या खिंडीतला सुमारे तीन किलोमीटरांचा तुकडा औरुंची पर्वत उद्यानात आहे. आधुनिक रस्ता दरीच्या दुसऱ्या अंगाने गेल्यामुळे तो वाचला. उतारावर रस्ता तोलून धरणाऱ्या बहुकोनी दगडांच्या भिंती प्रजासत्ताकाच्या काळातल्या आहेत, त्यावरच्या काळ्या फरशा कॅराकॅलाच्या आणि काही भाग सोळाव्या शतकातल्या दुरुस्तीचा. वरच्या चौथऱ्यावर आधी अपोलोचे मंदिर होते, मग चर्च झाले, शेवटी किल्ला. १७९८ मध्ये इत्रीचाच रहिवासी असलेल्या 'फ्रा दियाव्होलो' या बंडखोराने इथे फ्रेंच फौजेची वाट अडवली होती.

२७ जुलै २०२४ रोजी नवी दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत ॲपियन मार्ग जागतिक वारसा यादीत दाखल झाला. लात्सिओ, कंपानिया, बाझिलिकाता आणि पुल्या या चारही प्रदेशांतले त्याचे टप्पे त्यात आहेत. रोमजवळच्या पट्ट्यातली अनेक थडगी आणि जमिनी अजून खाजगी मालकीच्या आहेत. दक्षिणेकडच्या मोठ्या भागात रस्त्याची नेमकी रेषा उत्खननाने शोधली जात आहे. यादीतल्या समावेशाने पूर्वीचेच काम इटलीच्या सरकारवर अधिकृतपणे आले आहे. हेड्रियनने शिलालेखात ज्याचा खर्च मांडला, ते काम म्हणजे रस्त्याची सततची देखभाल.